टिश्यू बँक चालवायची आहे, परदेशातलं प्रशिक्षण कुठलं घ्यावं?

काही वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर आता टिश्यू बँकेची (दात्यांची हाडं, त्वचा अशा ऊती प्रक्रिया करून रुग्णांसाठी साठवणाऱ्या केंद्राची) सगळी जबाबदारी तुमच्याकडे येतेय, संस्था एका आंतरराष्ट्रीय कोर्सचा खर्च करायला तयार आहे आणि निवड तुमच्यावर सोडली आहे, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत आधीच सांगते. हाड धुणं, कापणं, फ्रीझ-ड्राय (गोठवून कोरडं) करणं हे तुमच्या हातात बसलेलं आहे, त्यासाठी विमानात बसू नका. बँक चालवणाऱ्याला शेवटी एकच गोष्ट करावी लागते: समोरचा लॉट, म्हणजे एकत्र तयार झालेल्या ऊतींचा गट, रुग्णांसाठी द्यायचा की नष्ट करायचा हे ठरवून कागदावर सही करणं. ते जिथे शिकवतात तो कोर्स घ्या.

अशा कोर्समध्ये काय होतं ते एका खऱ्या प्रकरणावरून सांगते. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २३ वर्षांचा एक तरुण गुडघ्यावरच्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत गेला. बसवलेल्या अ‍ॅलोग्राफ्टमधून (दुसऱ्या माणसाकडून घेतलेल्या ऊतीतून) क्लॉस्ट्रिडियम सॉर्डेली हा जिवाणू त्याच्या शरीरात गेला होता. दात्याचा मृतदेह १९ तास थंडीत न ठेवता राहिला होता. शिवाय कल्चरसाठी, म्हणजे जिवाणू वाढतात का ते पाहण्यासाठी, नमुना घेतला तो ऊती अँटिबायोटिकच्या द्रावणात ठेवून झाल्यावर. द्रावणाचा अंश नमुन्यात राहिला की जिवाणू असूनही वाढत नाहीत आणि अहवाल 'निगेटिव्ह' येतो. चांगला शिक्षक असं प्रकरण शेवट न सांगता तुमच्यापुढे ठेवतो आणि विचारतो, सही कुठे थांबवायला हवी होती? मृत्यूची वेळ, शीतगृहात नेल्याची वेळ, ऊती काढल्याची वेळ, नमुना घेतल्याची वेळ एका ओळीत मांडायची सवय तिथे लागते, आणि ती आयुष्यभर उपयोगी पडते.

आता पर्यायांकडे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मदतीने सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात १९९७ मध्ये टिश्यू बँकिंगचा डिप्लोमा सुरू झाला. वर्षभराचा अभ्यास, त्यातला बराचसा आपल्याच बँकेत काम करत दूरशिक्षणाने. मला ही पद्धत सर्वांत पटते, कारण शिकलेलं लगेच स्वतःच्या बँकेत तपासता येतं. असा आराखडा असलेला कोर्स मिळाला तर तो आधी बघा. बार्सिलोनातल्या टीपीएम (ट्रान्सप्लांट प्रोक्युअरमेंट मॅनेजमेंट) या प्रशिक्षणाची मुळं अवयवदानाच्या समन्वयात आहेत. दाता शोधणं, नातेवाइकांशी बोलणं यात तुम्ही कच्चे असाल तर तिकडे जा. अमेरिकन असोसिएशन ऑफ टिश्यू बँक्सचं सीटीबीएस (टिश्यू बँक तज्ज्ञ) हे परीक्षा देऊन मिळणारं प्रमाणपत्र आहे. चांगलं आहे, पण नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही. युरोपच्या २००४ च्या निर्देशातही जबाबदार व्यक्तीकडे पदवीबरोबर किमान दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव मागितला आहे.

विकिरणाचा, म्हणजे किरणांनी ऊती निर्जंतुक करण्याचा, भाग मात्र नीट शिकून या. '२५ किलोग्रे दिलं म्हणजे निर्जंतुक' हा समज फार खोल रुजलाय (किलोग्रे हे किरणांच्या डोसचं एकक). तो डोस पुरतो की नाही हे आधीच्या बायोबर्डनवर, म्हणजे ऊतीवर मुळात किती जंतू आहेत त्यावर, अवलंबून असतं, आणि बायोबर्डन तुमच्याच स्वच्छतेवर. त्यातही एचआयव्हीसारख्या विषाणूंसाठी या डोसवर विसंबता येत नाही. दात्याची निवड आणि रक्ततपासणी ढिली पडली तर पुढे किरण देणारं कोबाल्ट-६० काही वाचवत नाही. उलट डोस वाढवला की कोलॅजन हे प्रथिन तुटतं आणि हाड ठिसूळ होतं. म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ऊती ड्राय आइसमध्ये गोठवून विकिरण करतात. डोस मॅपिंग स्वतः हात घालून करा: खोक्याच्या कोपऱ्यांत आणि मधोमध डोस मोजणारे डोसिमीटर ठेवायचे आणि सर्वांत कमी डोस कुठे पडतो ते शोधायचं.

अर्ज करण्याआधी आयोजकांना दोन गोष्टी विचारा. दात्यांच्या फायलींच्या तपासणीला आम्हाला बसू देता का? आणि मॉक रिकॉल करून घेता का? म्हणजे एका ग्राफ्टचा क्रमांक देऊन त्याच दात्याच्या बाकीच्या ऊती कुठल्या रुग्णांना गेल्या ते शोधायला लावता का? उत्तर मोघम आलं तर दुसरा कोर्स शोधा. जाताना आपल्या बँकेतले नाकारलेले लॉट आणि पॉझिटिव्ह कल्चर यांची नोंद, दात्यांची ओळख काढून, सोबत न्या. तिथल्या लोकांशी खरी चर्चा त्यावरच होते.

संमती आणि मृतदेहाची पुनर्रचना यांची सत्रं 'सोपी' म्हणून टाळू नका. हाडं काढल्यावर त्या जागी आधार बसवून देह पूर्ववत करून नातेवाइकांच्या हाती देणं हा आपल्या कामाचा गाभा आहे. दुःखात असतानाही त्यांनी आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.

आणखी एक, हे जाण्यापूर्वीच करा. परत आल्यावर कुठलाही लॉट थांबवण्याचा अंतिम अधिकार तुमचा असेल आणि शस्त्रक्रियेची तारीख जवळ आली म्हणून तो कोणी डावलणार नाही, असं संस्थेकडून लेखी घ्या. टेबलावर रुग्ण तयार असताना सर्जनचा फोन येतो, तेव्हा तो कागद हाताशी लागतो.