पानं-फुलं स्कॅन करायचीयत? मग हे वाच

नवा कॅमेरा घेऊ नकोस आत्ता, आधी जुना फ्लॅटबेड स्कॅनर शोध, पण सीसीडीवालाच (आत आरसे आणि भिंग असलेला, जाडसर), कारण पातळ सीआयएस स्कॅनरला (त्यात सेन्सर काचेला लागूनच असतो) खोली अजिबात कळत नाही, काचेला टेकलेलं तेवढंच शार्प येतं आणि बाकी सगळं धूसर. काचेवर ओएचपीची पारदर्शक शीट टाक, मी एकदा जास्वंद तशीच ठेवली आणि परागकण काचेला असे चिकटले की पुढचे चार स्कॅन पिवळ्या ठिपक्यांचे आले. झाकण उघडं ठेवून खोलीत अंधार कर, मागे मस्त काळंभोर येतं. १२०० डीपीआय (एका इंचात १२०० ठिपके) पुरे, म्हणजे एक पिक्सेल साधारण २१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), पानाच्या बारीक शिरासुद्धा मोजता येतात, मोजायला इमेजजे नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. शेजारी मापासाठी मोजपट्टी ठेवायची विसरू नकोस हां, आणि ऑटो कलर, शार्पनिंग बंदच ठेव नाहीतर दोन स्कॅनची तुलनाच होत नाही. आणि साधं मशीन म्हणून कमी लेखू नकोस, जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये असल्याच ऑफिस स्कॅनरवर बॅक्टेरिया वाढवायच्या बशा ठेवून एकेक कॉलनी (बॅक्टेरियाचा दिसणारा ठिपका) कधी उगवते ते टिपलं होतं, मला तर ते वाचून अंगावर काटा आला. पहिला स्कॅन झाला की दाखव.