रविवारच्या सभेपूर्वी

प्रिय चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

आपल्या सहकारनगर परिसरातील नागरिक संघाचे कार्यवाहपद तू स्वीकारलेस याचा आनंद झाला. येत्या रविवारच्या सभेची सूचना कशी लिहावी, असे तू विचारले आहेस. सूचना चार ओळींत होते. वेळ घालवायचा तो विषयपत्रिकेवर. ‘परिसरातील समस्यांवर चर्चा’ एवढाच विषय ठेवलास तर पार्किंगपासून भटक्या कुत्र्यांपर्यंत सगळे बोलले जाईल, लोक मन मोकळे करून घरी जातील आणि सोमवारी सकाळी कोणी काय करायचे हे तुलाही सांगता येणार नाही. विषय तीन-चारच घे, पण प्रत्येक विषय कोणाच्या अखत्यारीतला आहे हे सभेआधी शोधून त्याच्यापुढे लिहून ठेव.

हे शोधणे वाटते तितके सोपे नाही. पथदिवा बंद असेल तर महापालिकेचा विद्युत विभाग, पण घरातली वीज वारंवार जात असेल तर महावितरण. चौकातल्या बेशिस्त पार्किंगसाठी वाहतूक पोलीस, बसथांब्यासाठी पुण्याची शहर बससेवा चालवणारी पीएमपीएमएल. आणि तारांवर आलेल्या फांद्यांसाठी उद्यान विभाग, कारण 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे आपण परस्पर कुऱ्हाड चालवू शकत नाही. सगळा राग ‘महापालिका काही करत नाही’ या एका वाक्यात ओतला की यातल्या प्रत्येक खात्याला हात झटकणे सोपे जाते.

गल्लीत तुंबणाऱ्या पाण्याचेच घे. पावसाळी गटार आणि मैलापाण्याची वाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सभेतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. चेंबर उन्हाळ्यातही भरून वाहत असेल तर दोष बहुधा मैलावाहिनीत आहे. तेच फक्त मुसळधार पावसात उफाळत असेल, तर कुठल्यातरी सोसायटीने गच्चीचे पाणी मैलावाहिनीत सोडले आहे का ते पाहा, आणि ती सोसायटी आपलीच निघाली तरी तसे सभेत सांग. सभेआधी दोन तरुणांना घेऊन गल्लीतून चक्कर मार, प्रत्येक चेंबरचे छायाचित्र काढ आणि त्यावर जवळच्या इमारतीचे नाव लिही. असा कागद हातात असला की तासाभराची चर्चा दहा मिनिटांत आटोपते.

ठरावाच्या शब्दांबद्दल मी फार काटेकोर आहे. ‘रस्ते त्वरित दुरुस्त करावेत’ हा ठराव वाचून अधिकाऱ्याला काहीच करावे लागत नाही. त्याऐवजी ‘दवाखान्याच्या कोपऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत डाव्या बाजूच्या पदपथाच्या फरशा उखडल्या आहेत, त्या कोणत्या तारखेपर्यंत बसवल्या जातील हे लेखी कळवावे’ असे लिहिले, की उत्तर देणे भाग पडते. हे पत्र महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात प्रत्यक्ष नेऊन दे आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. 2005 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांच्या शुल्कात, साधारणपणे तीस दिवसांत माहिती मिळायला हवी. मात्र अर्जात ‘का केले नाही’ असे विचारू नकोस. आमच्या पत्रावर काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींच्या प्रती माग. कारणे सांगण्याचे टाळता येते, नोंदींचे तसे नसते.

पैशांचा विषय निघाला तर एक गोष्ट आवर्जून सांग. पुणे महापालिकेत 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेतली जातात. पदपथ, बाके, दिवे अशा लहान कामांसाठी तो उत्तम मार्ग आहे. त्याचे अर्ज सहसा पावसाळ्यातच मागवतात आणि मंजूर कामे पुढच्या एप्रिलपासूनच्या वर्षात धरली जातात, त्यामुळे दिवाळीनंतर जाग आलेल्या संघाचे वर्ष वाया जाते.

ओढ्याचा विषय मात्र पहिला ठेव, त्या वेळी सभेत लोक ताजेतवाने असतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर तू पाहिला असशील. सहकारनगर, पद्मावती, अरण्येश्वर या भागांत पाणी घुसले, सोसायट्यांच्या सीमाभिंती पडल्या आणि टांगेवाला कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. नालेसफाईचा ठराव जूनमध्ये करून उपयोग नसतो. निविदा, कामाचा आदेश, गाळ काढणे आणि तो उचलून नेणे या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून आपले पत्र फेब्रुवारीतच गेले पाहिजे. काढलेला गाळ काठावरच ठेवला तर पहिल्या जोरदार सरीत तो पुन्हा ओढ्यात जातो. तेव्हा ‘गाळ उचलून नेल्याची पाहणी संघाच्या प्रतिनिधीसमवेत व्हावी’ हे वाक्य ठरावात असू दे. आणि ओढ्याकाठच्या वस्तीतील लोकांना निमंत्रण नुसते फलकावर लावू नकोस, स्वतः जाऊन दे. पाणी पहिल्यांदा त्यांच्या दारात येते, पण आपल्या सभांत ते शेवटच्या रांगेत बसतात किंवा येतच नाहीत.

कचऱ्याच्या विषयावर ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ज्या ताई आपल्या गल्लीत येतात, त्यांनाही बोलव. तक्रारदार म्हणतील की कचरा उचलला जात नाही. ताई सांगतील की कोणत्या इमारतीतून ओला-सुका एकत्र येतो आणि कोण वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर ओळखीचा लाल ठिपका न लावता तसेच टाकते. हे ऐकताना काही चेहरे उतरतील, पण तेवढे होऊ दे. वर्गीकरण करून कचरा देणे ही केंद्राच्या 2016 च्या नियमांपासून आपली कायदेशीर जबाबदारी आहे, ती कोणाची मेहेरबानी नाही.

गणेशोत्सवातील ध्वनिवर्धकांचा वाद या सभेत घेऊ नकोस. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा सर्वांना माहीत आहे, पण मंडळाचे कार्यकर्ते समोर नसताना झालेला ठराव केवळ वैर वाढवतो. त्यांच्यासह वेगळी बैठक लाव. पुरात दोर घेऊन हीच मुले सर्वांत आधी उतरतात, हेही लक्षात असू दे.

पुढाऱ्यांविषयी थोडेसे. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर काही वर्षे नगरसेवकच नव्हते, आणि त्या काळात आपल्यापैकी कितीतरी जण अधिकाऱ्यांना थेट पत्र लिहायला शिकले. ती सवय टिकव. लोकप्रतिनिधी आले तर आदराने बसव, पण हारतुरे नकोत, आणि त्यांचे भाषण ठराव वाचून झाल्यावर ठेव, म्हणजे त्यांना बोलायला नेमका विषय मिळेल.

इतिवृत्त त्याच रात्री लिही. कोण काय म्हणाले याचे पाल्हाळ नको. ठराव, जबाबदारी घेणाऱ्याचे नाव आणि तारीख एवढे पुरे. ज्या कामाला नाव मिळाले नाही ते सभेसमोरच विषयपत्रिकेतून काढून टाक, त्यावर कोणी रागावले तर बहुधा तेच नाव देतील.

विषयपत्रिकेचा मसुदा गुरुवारपर्यंत माझ्याकडे दे. शुक्रवारी सकाळी मी क्षेत्रीय कार्यालयात जाणार आहे. ओढ्याच्या जुन्या पत्रांचे आवक क्रमांक तिथल्या नोंदवहीशी ताडून तुला आणून देईन.

तुझे,
काका