टेबलवर कॅमेरा लावला, पण पैसे कुठून येणार?

प्रश्न : सर, नाशिकमध्ये माझं छोटं पार्लर आहे, दोन नऊ फुटी पूल टेबल आणि एक स्नूकर. पुढच्या महिन्यात एका रविवारी ३२ जणांची एट-बॉल पूलची स्पर्धा ठेवतोय. एंट्री ५००, बक्षिसं मिळून १२,०००, टेबलचा रोजचा रेट तासाला २००. पोरं म्हणतायत यूट्यूबवर लाइव्ह करा, खर्च निघून वर पैसे सुटतील. खरंच सुटतात का?

उत्तर : नाही सुटत. पण आधी तो कॅमेरा जरा बाजूला ठेवा आणि नुसत्या स्पर्धेचाच हिशेब करू. ३२ जणांचं नॉकआउट म्हणजे ३१ मॅच, एका मॅचला अर्धा तास धरला तरी दोन टेबलांवर मिळून आठ तास जाणार. एंट्रीचे १६,००० आले, बक्षिसात १२,००० गेले, राहिले ४,०००. आणि रविवारचे ते दोन टेबल एरवी काही रिकामे नसते ना, आठ तासांचं त्यांचं भाडं झालं ३,२००, ते बुडालं. हातात उरले ८०० रुपये. फायनलच्या वेळी सगळ्यांना चहा-वडापाव दिलात की तेही गेले. हे भाड्याचं नुकसान कुणी मोजतच नाही, कारण ते खिशातून जाताना दिसत नाही.

आता यूट्यूब. जाहिरातीचे पैसे चालू व्हायला १,००० सबस्क्रायबर लागतात आणि १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास बघितलेलं लागतं (शॉर्ट्सचा दुसरा रस्ता आहे, ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, तो आपण सोडून देऊ). तुमच्या आठ तासांच्या लाइव्हला सरासरी २५ जण बसले, आणि नव्या चॅनेलला २५ म्हणजे बरेच झाले हां, तर २०० तास भरले. म्हणजे असे वीस रविवार. ते करून दाखवलेत तरी जाहिरातीच्या पैशातला ५५ टक्के वाटा तुमचा, आणि खात्यात १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात ५० रुपये पडले असं समजा, नुसतं हिशेबापुरतं, तर ३०० जणांनी बघितलेल्या मॅचचे झाले १५ रुपये. त्यात चॉकचा खडासुद्धा यायचा नाही.

मग करायचं कशाला? तर करायचं, पण दुकानाची पाटी म्हणून. तुमचे ते २५ प्रेक्षक कोण असणार, तर खेळणाऱ्यांचे मित्र, बाकीच्या पार्लरची पोरं, हरून घरी गेलेले खेळाडू आणि कुणाची तरी बहीण. जवळजवळ सगळे नाशिकचे. यूट्यूबच्या हिशेबात त्यांची किंमत शून्य असली तरी क्यू विकणाऱ्याला, शेजारच्या जिमवाल्याला, बिर्याणीवाल्याला हीच माणसं पाहिजे असतात. स्कोअरच्या पट्टीशेजारी दिवसभर नाव दिसेल म्हणून अशा चौघांकडून दीड-दीड हजार घेतलेत तर ६,००० झाले, आणि हे पैसे व्ह्यूजवर अवलंबून नाहीत, स्पर्धेच्या आधीच हातात येतात. मी तर म्हणेन निदान दोन तरी स्पॉन्सर ठरल्याशिवाय वायरच जोडू नका.

खर्चाचं म्हणाल तर लाइव्ह पाठवायचं ओबीएस सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉप आणि बरा फोन कुणाकडे तरी असतोच. नेटकडे मात्र लक्ष द्या. सहा एमबीपीएसने पाठवलं तर तासाला २.७ जीबी जातो, म्हणजे रोज दोन जीबीवाला मोबाइल पॅक पाऊण तासात संपला, दुसरी मॅचसुद्धा पुरी व्हायची नाही. ब्रॉडबँडची केबल सरळ लॅपटॉपला लावा, वायफायच्या भरवशावर राहू नका. तीन एमबीपीएसवर ७२० पिक्सेल चालतं, पूलचे पट्ट्याचे बॉल ओळखू येतात तेवढ्यात. आणि कॅमेरा एकाच टेबलवर, दोन्ही टेबल दाखवायच्या नादात एकही धड दिसत नाही.

आमचं काय झालं ते सांगतो म्हणजे तुमचं होणार नाही. पुण्यात मित्राच्या पार्लरमध्ये आम्ही पहिला स्ट्रीम केला तेव्हा फोन टेबलच्या टोकाला भिंतीवर लावला होता, उंच होता, टेबल सगळं दिसत होतं, पण वरच्या ट्यूबचा उजेड कॅमेऱ्यात लुकलुकायला लागला आणि अर्धा तास आम्हाला कळेचना की नेट गेलंय की डोळे. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, शटर १/५० किंवा १/१०० ला लॉक केलं की ते थांबतं. ते निस्तरलं, तर काउंटरवरच्या स्पीकरला कुणीतरी हिंदी गाणी लावून ठेवली होती. संध्याकाळी कॉपीराइटचा क्लेम, आणि सहा तासांच्या व्हिडिओचे मोठमोठे तुकडे मुके करावे लागले. त्यात नेमका शेवटच्या काळ्या बॉलचा आवाजही गेला. जास्तीत जास्त प्रेक्षक एका वेळी ४१, त्यातला एक मी स्वतः, मोबाइलवरून.

एका गोष्टीवर मात्र पैसे टाका, कॉलर माइक. आणि तो तुमच्या मार्करला लावा. क्लबात वर्षानुवर्षं स्कोअर धरणाऱ्या माणसाला कोण कुठला शॉट चुकवतो हे पाठ असतं, तो मराठीत जे बोलेल ते कुठल्याही भाड्याच्या कॉमेंटेटरपेक्षा ऐकायला बरं.

प्रश्न : फुकट दाखवण्यापेक्षा ४९ रुपयांचं तिकीट ठेवलं तर? अमेरिकेत पूलला पे-पर-व्ह्यू चालतं असं ऐकलंय. (ठाणे)

उत्तर : चालतं, पण ते कसं उभं राहिलं ते बघा. तिकडे पॅट फ्लेमिंग म्हणून एका खेळाडूने अॅक्यू-स्टॅट्स नावाचं काम १९८० च्या दशकात चालू केलं, मोठ्या मॅचच्या व्हीएचएस कॅसेट पोस्टाने विकायच्या. मग डीव्हीडी, मग पैसे भरून लाइव्ह. लोक पैसे द्यायचे ते टेबलवर कोण आहे हे बघून. १९९६ मध्ये हाँगकाँगला एफ्रेन रेयेस आणि अर्ल स्ट्रिकलंड हे पूलचे दोन दिग्गज तीन दिवस खेळले, १२० रॅकला (म्हणजे डावांना) जो आधी पोचेल त्याला १ लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. रेयेस १२०-११७ ने जिंकला. असल्या मॅचला कुणीही खिशात हात घालेल. आपल्या ठाण्यातल्या क्वार्टर फायनलला नाही घालणार, आणि रागवू नका पण जो एक घालेल तोच दुसऱ्या फोनने स्क्रीनसमोर रेकॉर्ड करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकेल. मोठ्या आयोजकांचाही सगळा डोलारा तिकिटावर नसतो, अमेरिका विरुद्ध युरोप अशी पूलची मोस्कोनी कप स्पर्धा १९९४ पासून चालू आहे ती टीव्हीचे हक्क, स्पॉन्सर आणि हॉलमध्ये बसणारी माणसं या सगळ्यांवर मिळून. ४९ ऐवजी स्क्रीनच्या कोपऱ्यात यूपीआयचा क्यूआर लावा, 'फायनलच्या बक्षिसात भर' असं लिहून. जमतील ते पैसे सगळ्यांसमोर जाहीर करा आणि खेळाडूंनाच द्या. माझ्या बघण्यात असंच जास्त जमतं.

प्रश्न : दादा, मी कॉलेजला आहे, कोल्हापूरच्या एका पार्लरमधून दर शनिवारी लाइव्ह करतो. एका बेटिंग अॅपवाल्याने मेसेज केलाय, महिन्याला चांगले पैसे देतो म्हणतोय, फक्त लोगो लावायचा. घेऊ का?

उत्तर : अजिबात नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन मनी गेमवर बंदीचा कायदा केलाय, त्यात नुसती जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. 'फक्त लोगो' म्हणजेच जाहिरात. आणि अॅपवाला बाहेरच्या देशात बसलेला असतो, सापडतोस तू. या खेळाला अशा पैशाची सवय जुनी आहे म्हणा, जागतिक स्नूकर स्पर्धेवर १९७६ ते २००५ सिगारेटच्या ब्रँडचं नाव होतं, ते बंद झालं तर त्यानंतर बेटिंग कंपन्या आल्या. तिकडे ते कायद्यात बसतं, इथे नाही. तुझ्याकडे दर शनिवारचा नेम आहे, ही तुझी मोठी जमा बाजू आहे. गेल्या दोन महिन्यांतले चांगले शॉट अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे कापून फोनमध्ये ठेव आणि गावातल्या स्पोर्ट्सच्या दुकानात जाऊन मालकाला दाखव, रोख नाही म्हणाला तर चॉक, टिप, ग्लोव्ह तरी माग. त्याआधी पार्लरमालकाशी एक बोलून घे, चॅनेल तुझं की त्याचं. हे आत्ताच एका कागदावर लिहून ठेव, कारण पहिला हजार रुपयांचा स्पॉन्सर आला की भांडण यावरूनच होतं.