पीजीसाठी बालरोग आणि भूलशास्त्र दोन्ही मिळण्यासारखी रँक आहे. यादीत वर काय टाकू?

तुमचा प्रश्न मला असा समजला: नीट पीजीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेच्या) रँकवर राज्य कोट्यातून सरकारी कॉलेजात बालरोग किंवा भूल, दोन्हींपैकी एक मिळू शकतं. तुम्हाला लहान मुलं आवडतात. घरचे म्हणतात, मुलीच्या जातीला भूल बरी, ओपीडी नाही, पेशंटचे फोन नाहीत. आणि चॉईस लॉक करायला, म्हणजे पसंतीची यादी पक्की करायला, दोन दिवस उरलेत.

आठ वर्षांपूर्वी मी याच दोन नावांपाशी अडले होते. भूल घेतली. आता सोलापूर जिल्ह्यात फ्रीलान्स करते, म्हणजे बॅग गाडीत टाकून चार-पाच नर्सिंग होम आणि आठवड्यातले दोन दिवस एका ट्रस्टचं हॉस्पिटल. तेव्हा माझा काटा एका बाजूला थोडा झुकलेला आहे हे धरूनच वाचा.

आधी ते 'मुलं आवडतात' बाजूला ठेवा. मुलं मलाही आवडतात. पण बालरोगाच्या वॉर्डात मूल बोलत नाही. बोलते आई, तिच्यामागून आजी, आणि फोनवरून गावाकडचा मामा, ज्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की सलाईन लावलं की ताप उतरतो. ही माणसं म्हणजे तुमची निम्मी प्रॅक्टिस. तेच तेच चौथ्यांदा सांगताना आवाज न चढता सांगता येतं का, हे मुलं आवडण्यापेक्षा जास्त कामाला येतं.

मला हे कुठे कळलं ते सांगते. इंटर्नशिपमध्ये बालरोगाच्या पोस्टिंगला सात महिन्यांचं एक बाळ जुलाबांनी पार सुकून आलं. टाळू खोल गेलेली, पोटाच्या कातडीचा चिमटा घेतला की घडी तशीच उभी. पिवळी इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक सुई, घेऊन मी पंजावर दोनदा, पावलावर दोनदा प्रयत्न केला. जेआर वननेही, म्हणजे पीजीच्या पहिल्या वर्षाच्या डॉक्टरनेही, केला. आई भिंतीकडे तोंड करून उभी. शेवटी भुलेच्या रेसिडेंटला बोलावलं. तो आला, ट्यूबलाईट बंद करायला लावली आणि बाळाच्या तळव्याखाली टॉर्च धरला. अख्खा पंजा आतून लाल उजळला आणि त्यात शिरेची काळी रेघ स्पष्ट दिसली. एका झटक्यात सुई आत, चिकटपट्टी, पुठ्ठ्याची पट्टी बांधली, गेला. एक शब्द बोलला नाही.

मी त्याच्या मागे जिन्यापर्यंत गेले. टॉर्च नेमका कुठल्या कोनात धरायचा, सुई किती आडवी ठेवायची, हे विचारायला. परत आले तर माझी मैत्रीण त्या आईजवळ जमिनीवर बसली होती. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. आई हुंदके देत ऐकत होती. आम्हा दोघींनाही हे करायला कुणी सांगितलं नव्हतं आणि ड्यूटी संपून अर्धा तास झाला होता. ती मैत्रीण आज बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्याही इंटर्नशिपमध्ये असा एखादा रिकामा अर्धा तास असेलच. त्यात तुमचे पाय कुठे वळले होते, ते आठवून बघा.

आता घरच्यांच्या मुद्द्यावर येते. या ब्रांचच्या आरामाची भूल बऱ्याच जणांना पडते. ओपीडी नाही हे खरं. पण तुमची वेळ तुमच्या हातात नाही. सर्जनला जेव्हा सवड, तेव्हा तुमची केस. तालुक्याच्या गावात सिझर रात्री तीनलाच निघतं, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ फोनवर एवढंच म्हणतात, 'मॅडम, बाळाचे ठोके कमी झालेत, निघा.' गाडी कुणी चालवायची, घरी लहान मूल असेल तर कुणापाशी ठेवायचं, हे 'मुलींसाठी बरी' म्हणणाऱ्यांनी कधी मोजलेलं नसतं. पैसे बहुतेक ठिकाणी पेशंटकडून नाही, सर्जनच्या हातून येतात, आणि मागायला लाज वाटते अशा बेतानेच उशिरा येतात. दोन महिने रजा काढलीत तर कॉल दुसऱ्याकडे जायला लागतात. उलट, डिग्री हातात पडल्याच्या पुढच्या महिन्यापासून कमाई सुरू होते, जागा, डिपॉझिट, कर्ज काही लागत नाही. बालरोगाला उमेदवारीची तीन-चार वर्षं जातात, एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, काढायचं म्हटलं तर बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरचे, व्हेंटिलेटरचे हप्ते डोक्यावर. पण एकदा बसलेली ओपीडी तुमची असते. माझ्या मैत्रिणीकडे तिनं पहिली लस दिलेली पोरं आता शाळेचे दाखले दाखवायला येतात. माझे पेशंट मला दहा मिनिटं बघतात आणि विसरतात. त्यांनी विसरावं म्हणून मी औषधही देते.

ओळख हवी असेल तर हे फार टोचतं. माझी आजी अजून विचारते, 'म्हणजे ऑपरेशन तू करत नाहीस?' नाही. 'मग काय करतेस?' झोपवते. 'एवढं शिकून?'

आणि तरी ही ब्रांच मला का सोडवत नाही, तर एका आवाजासाठी. पल्स ऑक्सिमीटरचा टीं-टीं आवाज ऑक्सिजन उतरायला लागला की पट्टीनं खाली खाली जातो. मॉनिटरकडे पाठ असली तरी कानाला कळतं. तीन वर्षांचा मुलगा, हर्नियाची केस, ट्यूब काढली आणि स्वरयंत्र घट्ट मिटलं. छाती हलतेय, पण हवा जात नाही. आवाज उतरतोय. मास्क गच्च दाबून धरायचा, जबडा पुढे ओढायचा, शंभर टक्के ऑक्सिजनचा दाब द्यायचा आणि सिस्टरला स्कोलीन, म्हणजे स्नायू सैल करणारं औषध, भरायला सांगायचं, तेही अशा स्वरात की सर्जन दचकू नये. अर्ध्या-पाऊण मिनिटात पिशवी हाताला मऊ लागली, आवाज पुन्हा वर चढला. बाहेर बापाला कुणी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पेढे सर्जनला मिळाले. मला त्या दिवशी झोप फार छान लागली. तुम्ही हे वाचताना हात चुळबुळले असतील तर एक, आणि 'बापरे, नको' वाटलं असेल तर दुसरं.

बालरोगात जीव टांगणीला लागतो, तो असा मिनिटाचा नसतो, दिवसांचा असतो. बाराशे ग्रॅमचं बाळ, आज वीस ग्रॅमनं वाढलं, उद्या दूध पचलं नाही, परवा पोट फुगलं. रोज सकाळी वजनकाट्यापाशी आई उभी. ते मला झेपलं नसतं, आणि माझ्या मैत्रिणीला ऑपरेशन थिएटरमधलं ते अर्धं मिनिट झेपत नाही, ती तसं सरळ सांगते.

चॉईस फिलिंगबद्दल, कारण इथे दरवर्षी मुलं उगाच चुकतात. जे खरं हवं ते वर टाका. यंत्रणा तुमच्या क्रमांकाला तुमच्या यादीत वरून खाली येते आणि जी पहिली मोकळी सीट दिसेल ती देते. 'हे मिळणार नाही म्हणून खाली टाकलं' यात फायदा शून्य, कधीकधी तोटाच. गेल्या वर्षीचा कट-ऑफ यादीत किती खोल जायचं ते ठरवायला वापरा, क्रम ठरवायला नाही. राज्याची फेरी सीईटी सेल घेतं आणि ऑल इंडियाची एमसीसी (केंद्राची समुपदेशन समिती), दोन्हींचे सीट सोडण्याचे नियम वेगळे. एमसीसीत पहिल्या फेरीची सीट सोडता येते, दुसरीनंतर सोडलीत तर डिपॉझिट जातं, तिसऱ्या फेरीत मिळालं की अडकलात. 'नंतर बदलू' हा बेत असेल तर दोन्हीकडची या वर्षीची माहितीपुस्तिका आजच उघडून बसा.

कॉलेजही ब्रांचइतकंच बघा. मी जिथे एमडी केलं तिथे बालशल्यचिकित्सकच नव्हता, त्यामुळे तीन वर्षांत लहान मुलांच्या भुलेच्या केसेस बोटावर मोजण्याइतक्या मिळाल्या. नंतर सहा महिने दुसरीकडे जवळजवळ फुकट राबून ते शिकले. तेव्हा फोन करा, पण जेआर थ्रीला नको, त्याला सुटकेची चाहूल लागलेली असते, सगळं गोड सांगतो. जेआर वनला विचारा: पोस्ट-ड्यूटीला खोलीवर जायला मिळतं का, आणि गेल्या दोन वर्षांत सीट कितीजणांनी सोडली. एवढ्या दोन उत्तरांत विभागाची कुंडली कळते. डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सीचे, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या सक्तीच्या कामाचे, तीन महिने दोन्हींना आहेत. एमडीनंतर राज्यात एक वर्षाचा सरकारी सेवेचा बाँड आहे, नाहीतर 50 लाख भरा, तोही दोन्हींना. त्यावर डोकं घालवू नका.

आणि एक दार बंद केलं म्हणून दुसऱ्या खोलीतून कायमचं बाहेर असं नसतं. लहान मुलांच्या आणि नवजात बाळांच्या भुलेतही डीएम, म्हणजे एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी, आहे. बालरोगवाल्यांना पीआयसीयू, म्हणजे मुलांचा अतिदक्षता विभाग, आहे, तिथे ट्यूबा, लाईनी, व्हेंटिलेटर, सगळं हाताचं काम. जन्मलेल्या बाळाला आपण पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला जो ॲपगार स्कोअर, म्हणजे तब्येतीचे गुण, देतो, तो 1953 साली छापून आला, आणि तो काढणाऱ्या व्हर्जिनिया ॲपगार भूलतज्ज्ञ होत्या. त्यांना खरं तर सर्जन व्हायचं होतं. तुमच्या दोन्ही ब्रांचेस त्या एका बाईच्या कामात भेटतात.

माझ्याकडे त्या सिझरच्या टेबलावर भेटतात. गेल्याच पंधरवड्यात, पहाटे. स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातली भूल, दिलेलं, बाई जागी, मी तिच्या डोक्याशी. बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. वॉर्मरपाशी माझी तीच मैत्रीण, पाठ माझ्याकडे, हातात श्वास देणारी अंबू बॅग. बाईनं माझं मनगट धरलं, 'मॅडम, रडलं का?' माझे कान तिकडेच होते, पण बीपी 80 वर आलं होतं आणि गर्भाशय अजून सैल होतं, त्यामुळे मी मान वळवली नाही. एक हात तिच्या कपाळावर, दुसऱ्यानं इंजेक्शन. साधारण चाळीस सेकंदांनी मागून रडण्याचा आवाज आला. मैत्रिणीनं तेव्हाही मागे वळून बघितलं नाही, ती बाळ पुसत होती.

तुम्ही इंटर्नशिपमध्ये अशी सिझर पन्नासएक तरी पाहिली असतील. बाळ बाहेर आल्यावर तुम्ही वॉर्मरकडे जात होतात की टेबलाशी थांबत होतात? ते आठवलं की लॉक करा, आणि घरी कळवा ते लॉक केल्यावर.