प्लास्टिकच्या कचऱ्यापासून हलकी खडी कशी बनवायची? श्रेडरमधले तुकडे थेट काँक्रीटमध्ये टाकले तर चालतात का?

तुम्ही विचारलंय की गावातून गोळा होणाऱ्या दुधाच्या पिशव्या आणि कॅरीबॅग बचत गटाच्या श्रेडरमधून काढून ते तुकडे खडीऐवजी काँक्रीटमध्ये घालता येतील का, आणि येत नसतील तर त्यांची खडी कशी करायची. बाटल्यांचं काय करायचं तेही विचारलंय. तुकडे थेट घालू नका. खडी मात्र नक्की करता येते, आणि ती कुठे वापरायची हे आधी ठरवलं तर चांगली करता येते.

तुकडे का चालत नाहीत? पॉलिथिनला सिमेंट चिकटत नाही. त्याचा पृष्ठभाग पाणी झटकतो, त्यामुळे प्रत्येक तुकड्याभोवती पाण्याचा पातळ थर राहतो आणि काँक्रीट सुकल्यावर तिथे पोकळी उरते. पिशवीचे तुकडे तर चपटे असतात, त्यांच्या खाली पाणी अडकून बसतं. अशा काँक्रीटचा क्यूब, म्हणजे चाचणीचा चौकोनी ठोकळा, फोडून बघा: तुकडे न तुटता जसेच्या तसे बाहेर येतात आणि त्यांच्या जागी गुळगुळीत खळगे दिसतात. दुसरं कारण म्हणजे पॉलिथिन फार लवचिक आहे. काळ्या दगडाच्या तुलनेत त्याचा कडकपणा शंभर पटींहूनही कमी, म्हणजे भार आला की हे तुकडे काही पेलत नाहीत, सगळं सिमेंटवर येतं.

यावर उपाय एकच आहे. दाण्याच्या पोटात खनिज भरायचं आणि त्याचा बाहेरचा भाग खरखरीत ठेवायचा. हे भरण फ्लाय ॲशचं, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्रातल्या बारीक राखेचं असलेलं बरं. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, भुसावळ, परळी, एकलहरे, पारस अशा औष्णिक केंद्रांच्या आसपास असाल तर ती जवळच मिळेल. वाळूही चालते, पण वाळूने एक्स्ट्रूडरचा (प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्राचा) स्क्रू आणि बॅरल, म्हणजे स्क्रूभोवतीची तापणारी नळी, फार लवकर झिजतात. राखेचे कण गोल असल्याने झीज कमी होते, आणि राख हलकीही असते: वाळूची घनता (पाण्याची १ धरून) २.६५ तर राखेची साधारण २.१ ते २.२. राख कोरडीच घ्या. केंद्राच्या राखेच्या तळ्यातली ओली राख वाळवण्यातच तुमचा सगळा वेळ जाईल.

प्रमाण वजनाने ३० भाग प्लास्टिक, ७० भाग राख. आकडा ऐकून प्लास्टिक फारच कमी वाटतं, पण एलडी प्लास्टिकची (पिशव्यांच्या मऊ पॉलिथिनची) घनता ०.९२ च्या आसपास असल्यामुळे घनफळाने हे मिश्रण जवळपास निम्मं-निम्मं होतं. दाण्याची घनता साधारण १.५ येते, काळ्या दगडाची २.८ ते २.९ असते. प्लास्टिक ४० टक्क्यांवर नेलं तर दाणा चिवट होतो आणि ग्राइंडरमध्ये तुटायच्या ऐवजी ताणला जातो. २५ टक्क्यांच्या खाली आणलं तर सगळी राख प्लास्टिकमध्ये भिजत नाही आणि दाणा बोटांनी चुरडतो.

आता निवड. या कामात सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यायला हवं. एलडी, एचडी (कडक पॉलिथिन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन) पाण्यावर तरंगतात. पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), पीव्हीसी (पाइपचं प्लास्टिक) आणि पॉलिस्टायरिन बुडतात. मोठ्या टाकीत तुकडे ढवळा, वर येईल ते घ्या, तळाशी बसेल ते वेगळं करा. ढवळताना पाण्यात चमचाभर धुण्याचा साबण टाका, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारे तुकडेही वर राहतात. पीव्हीसीची शंका आली तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवा, प्लास्टिकला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. ही चाचणी उघड्या हवेत आणि अगदी छोट्या तुकड्यावर करा. पीव्हीसी वितळवताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो डोळे-घसा जाळतो आणि बॅरलही खातो. कुरकुऱ्यांची चंदेरी पाकिटं थोडी आली तर बिघडत नाही, पण सगळा माल त्यांचाच असेल तर या पद्धतीने करू नका.

दुधाच्या पिशव्या गरम पाण्यात सोडा घालून धुवा, आतला तुपकट थर निघायला हवा. मग उन्हात पूर्ण वाळवा. ओलावा राहिला तर बॅरलमध्ये वाफ होते आणि दाणा आतून जाळीदार होतो. तो हलका दिसतो, पण दाबाला टिकत नाही.

यानंतर लागतो एक्स्ट्रूडर. उघड्या पिंपात लाकडं पेटवून प्लास्टिक वितळवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते कृपा करून करू नका. पिंपाच्या तळाशी तापमान किती आहे हे कळत नाही, तळाचं प्लास्टिक जळत असतं आणि वरचं अजून घट्ट असतं, आणि तो धूर ढवळणाऱ्या बाईच्या छातीत जातो. बचत गटाने स्वतःचा एक्स्ट्रूडर घेण्याआधी जवळच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या प्लास्टिकचा दाणा बनवणारा कारखाना शोधा आणि मजुरीवर माल काढून घ्या. असा कारखाना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीने चालत असतो, धूर खेचायची सोयही असते. अर्थात ही सोय प्रत्यक्ष जाऊन, मशीन चालू असताना बघा.

कारखानदाराला पुढच्या गोष्टी आधीच सांगा. पिशवीचे सुटे तुकडे इतके फुलके असतात की स्क्रू त्यांना ओढून घेत नाही, म्हणून ते आधी ॲग्लोमध्ये (पिशव्यांचे तुकडे आटवून घट्ट करणाऱ्या यंत्रात) घालून त्यांचा चुरा करायचा. ॲग्लोत पाणी मारतात, तेव्हा चुरा पुन्हा वाळवायचा. डायच्या, म्हणजे वितळलेला माल बाहेर पडतो त्या तोंडाच्या, मागची गाळणी काढून ठेवायची, नाहीतर राखेने ती मिनिटांत तुंबेल. तापमान हॉपरजवळ (माल टाकायच्या तोंडाशी) १४० अंश, मध्ये १७०, डायपाशी १८० ते १९०. एलडी ११० अंशांच्या आसपास वितळतं, एचडी १३० ला, पीपी १६० ते १६५ ला, त्यामुळे या तापमानात तिन्ही वितळतात. पीईटी वितळायला २५० लागतात, म्हणून बाटलीचा तुकडा चुकून आला तर तो तसाच दाण्यात खड्यासारखा राहतो.

एका दमात ७० टक्के राख घालू नका. हॉपरमध्ये राख खाली बसते आणि चुरा वर राहतो, मग डायमधली कांडी कधी नुसत्या प्लास्टिकची तर कधी भुसभुशीत निघते. दोनदा काढा. १०० किलोच्या मालासाठी पहिल्या फेरीत ३० किलो चुरा आणि ३० किलो राख. ती कांडी थंड करून भरडा, मग उरलेली ४० किलो राख मिसळून पुन्हा काढा. दुसऱ्या फेरीत किलो-दोन किलो चुन्याची कोरडी पूड घाला. पीव्हीसीचा एखादा तुकडा सुटून गेला असेल तर त्याचं आम्ल चुना मारतो. कोस्टा रिकात सुरू झालेल्या ‘रेझिन-८’ नावाच्या प्लास्टिक खडीतही चुना वापरतात.

कांडी २५ ते ३० मिलिमीटर जाडीची येऊ द्या, पाण्यात थंड करा आणि पूर्ण गार झाल्याशिवाय भरडू नका. गरम कांडी पात्यांना चिकटते. भरडण्याने दाण्याला ताजे, खरखरीत पैलू पडतात आणि राखेचे कण उघडे होतात. सिमेंट तिथेच धरतं. म्हणून डायपाशी कापलेल्या गोल गुळगुळीत गोळ्यांपेक्षा भरडलेली खडी कितीतरी चांगली. १२.५ आणि ४.७५ मिलिमीटरच्या चाळण्यांमधला माल खडी म्हणून ठेवा, वरचा पुन्हा भरडा, खालची भुकटी पुढच्या घाण्यात परत घाला. वापरण्यापूर्वी खडी धुवा, कारण तिच्यावर बसलेली सुटी धूळ सिमेंटला धरू देत नाही.

धुतलेलं पाणी आणि ग्राइंडरखालची धूळ गटारात सोडू नका. त्यात प्लास्टिकचे बारीक कण असतात आणि एकदा ओढ्यात गेले की परत काढता येत नाहीत. कापड लावलेल्या टाकीतून पाणी गाळा आणि गाळ घाण्यात वापरा.

खडी जमली की नाही हे बघायला १५ लिटरचं भांडं पुरतं. काठोकाठ भरा, लाकडाने सपाट करा, आतल्या मालाचं वजन करा. १२.३ किलो भरलं तर घनमीटरला ८२० किलो झाले. अमेरिकन मानकात हलक्या जाड खडीसाठी ८८० ची वरची मर्यादा आहे, तेव्हा तुम्ही योग्य जागी आहात. वजन ९५० च्या पुढे गेलं तर राख जास्त झाली आहे किंवा भुकटी नीट चाळली गेलेली नाही.

काँक्रीटमध्ये दगडी खडीच्या बदली ही खडी घनफळाने मोजा, वजनाने कधीच नको. १:२:४ च्या (सिमेंट, वाळू, खडी) मालात सिमेंटच्या एका गोणीला खडी १४० लिटर लागते. तीस टक्के बदली म्हणजे ४२ लिटर: दगड असता तर ६३ किलो, ही भरते साधारण ३५ किलो. गोणीमागे २८ किलो वाचले, पण सगळा घाणा ४०० किलोच्या आसपास असतो, म्हणजे वजन फक्त सात टक्के घटलं. हा हिशोब लोक करत नाहीत आणि ‘हलकं काँक्रीट’ म्हणून विकतात. सगळीच खडी बदलली तर ताज्या काँक्रीटची घनता २,५०० वरून १,९०० च्या आसपास येते, पण ताकदही बरीच घटते.

मिक्सरमध्ये आधी ही खडी, एक तृतीयांश पाणी आणि थोडं सिमेंट घालून मिनिटभर फिरवा, म्हणजे प्रत्येक दाण्यावर सिमेंटचा लेप बसतो. मग बाकीचा माल. ही खडी पाणी पीत नाही, म्हणून गोणीला २५ लिटरच्या वर पाणी नको. माल पातळ झाला किंवा व्हायब्रेटर जास्त वेळ धरला की दाणे वर तरंगून येतात आणि खाली नुसता मसाला उरतो. ब्लॉक मशीनचा कोरडा माल याला सर्वांत सोयीचा.

आता वापर. स्लॅब, बीम, कॉलम, फुटिंग यांत ही खडी घालू नका. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकात कृत्रिम खडीला मान्यता आहे, पण ती स्लॅग, बॉटम ॲश, जुन्या काँक्रीटची खडी अशांना; प्लास्टिकला नाही. शिवाय पॉलिथिन ११० अंशांना मऊ पडतं, त्यामुळे आगीत ही खडी सगळ्यात आधी जाते. स्वयंपाकघराची भिंत, जिना, बॉयलरची जागा यांपासूनही दूर ठेवा. पेव्हरमध्ये (फुटपाथच्या फरशी-ब्लॉकमध्ये) वापरायची तर आतल्या थरात वापरा आणि वर साध्या काँक्रीटचा थर द्या, नाहीतर झिजून कण रस्त्यावर येतील. गच्चीच्या कोब्यात मी सावधपणे वापरेन. प्लास्टिक उन्हात काँक्रीटच्या सुमारे दहापट किंवा अधिक प्रसरण पावतं. राखेमुळे ते कमी होतं, पण उरतंच.

माझ्या मते तुमच्या गटासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे बाथरूमचा सनकन स्लॅब, म्हणजे पाइपसाठी खाली उतरवलेल्या स्लॅबवरचा भराव. तिथे ऊन नाही, आग नाही, झीज नाही, भार फक्त फरशीचा, आणि भराव हलका हवा असतो. आपल्याकडे तिथे विटांचे तुकडे भरतात. १.५ मीटर बाय २.१ मीटर, ३०० मिलिमीटर खोल बाथरूम धरा: ०.९५ घनमीटर भराव. विटांचा भराव मसाल्यासह सुमारे १,७०० किलो होईल. त्याऐवजी एक भाग सिमेंट, आठ भाग ही खडी, वाळू अजिबात नाही, आणि दाण्यांवर लेप बसेल इतकंच पाणी: वजन १,००० किलोच्या आसपास. साडेतीन गोणी सिमेंट आणि पावणेआठशे किलो खडी लागेल, त्यात २३० किलो प्लास्टिक कायमचं जाऊन बसतं. हा भराव सच्छिद्र असतो, म्हणून स्लॅबवर आणि भरावाच्या वर असं दोन्हीकडे वॉटरप्रूफिंग करा आणि तळाशी पाणी बाहेर काढणारा पाइप ठेवा. तो विसरलात तर गळती झाल्यावर सगळं पाणी भरावातच साठेल.

बाटल्यांच्या पीईटीचं काय करायचं असं विचारलं होतं. ते या मिश्रणात घालू नका. गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आणि इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाने मिळून केलेल्या कामात पीईटी वाळूच्या मापात बारीक करून घनफळाने १० टक्के वाळूऐवजी घातलं, तेव्हा ताकद बऱ्यापैकी टिकली. मात्र सिमेंटच्या अल्कलीत पीईटी हळूहळू झिजतं, पॉलिथिन झिजत नाही. बाटल्यांना भंगारात चांगला भाव येतो, त्या विकाच. उरलेल्या एलडीसाठी डांबरी रस्त्याचाही विचार करा: मदुराईच्या प्रा. राजगोपालन वासुदेवन यांच्या पद्धतीत गरम दगडी खडीवरच प्लास्टिकचा लेप बसवतात, आणि डांबर प्लास्टिकला जसं धरतं तसं सिमेंट कधीच धरत नाही. तुमच्या नगरपालिकेचं रस्त्याचं काम निघणार असेल तर आधी तिथे विचारा.

पहिला घाणा १०० किलोचाच काढा. त्यातून सहा क्यूब १५० मिलिमीटरचे भरा, तीन साध्या खडीचे बरोबर ठेवा, २८ दिवस पाण्यात ठेवून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात फोडून घ्या. आकडा लिहून घ्यालच, पण फुटलेला क्यूबही हातात घेऊन बघा: दाणे मधोमध तुटले असतील किंवा त्यांना सिमेंट चिकटून राहिलं असेल तर खडी जमली. गुळगुळीत खळगे दिसले तर भरडणं किंवा धुणं कमी पडलंय, तिथे दुरुस्ती करून मगच पुढचा माल काढा.