हरलेली पोरं पुढच्या वर्षी नसणारच, मग रेलिगेशनची शिक्षा कोणाला?

दादा, तुमच्या मुलाचा प्रश्न इतका नेमका आहे की दोन ओळींत उत्तर देणं बरोबर होणार नाही. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगा तेरा वर्षांचा आहे, कोथरूडला राहतो आणि इनलाइन हॉकी, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची हॉकी, खेळतो. त्याने 2025 च्या वर्ल्ड ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेतला जर्मनी-कझाकस्तान सामना पाहिला. कझाकस्तान जादा वेळेत 4-3 ने हरला आणि सर्वोच्च श्रेणीतून खाली गेला, यालाच रेलिगेशन म्हणतात. त्यावर त्याने विचारलं, "हरलेली बरीच पोरं पुढच्या वर्षी वयात बसणारच नाहीत. मग शिक्षा कोणाला झाली? आणि मोठ्यांच्या लीगमधला हा नियम मुलांच्या स्पर्धेत आणलाच कशाला?"

शिक्षा धाकट्यांना होते. पण बक्षीसही धाकट्यांनाच मिळतं. हा नियम संघाला नाही, देशाच्या तयारीला लावलेला आहे, आणि म्हणूनच मला तो मनापासून पटतो. त्यातली एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही, ती पुढे सांगतो.

आधी रचना बघा. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या मुलांच्या दोन मोठ्या स्पर्धा आहेत. 20 वर्षांखालची वर्ल्ड ज्युनियर 1977 पासून अधिकृतपणे होते, डिसेंबरच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात संपते. 18 वर्षांखालची 1999 मध्ये सुरू झाली आणि ती एप्रिलमध्ये असते. दोन्हींच्या शिड्या वेगळ्या, त्यामुळे एखादा देश एका शिडीवर वर आणि दुसऱ्या शिडीवर खाली असू शकतो. 20 वर्षांखालच्या स्पर्धेत सर्वोच्च श्रेणीत दहा देश, पाच-पाचचे दोन गट. त्याखाली डिव्हिजन एक ए, एक बी, दोन ए, दोन बी आणि तळाला तीन. या खालच्या श्रेणींत साधारण सहा-सहा देश साखळी पद्धतीने खेळतात, म्हणजे आठवडाभरात पाच सामने. पहिला वर जातो, शेवटचा खाली येतो. सर्वोच्च श्रेणीत दोन्ही गटांतले शेवटचे संघ एकमेकांशी टिकाव-लढत खेळतात आणि हरणारा खाली जातो. तुमच्या मुलाने पाहिलेला सामना तोच.

आता वयाचा हिशोब, कारण प्रश्नाची मेख तिथेच आहे. 2025 ची स्पर्धा म्हणजे 26 डिसेंबर 2024 ला ओटावात सुरू झालेली. तिच्यात 2005 किंवा त्यानंतर जन्मलेलेच खेळू शकत होते. पण कझाकस्तानने वर येण्याचा हक्क मिळवला होता डिसेंबर 2023 मध्ये, डिव्हिजन एक ए जिंकून. त्या वेळी 2004 चे खेळाडू पात्र होते. ही स्पर्धा मुख्यतः एकोणीस वर्षांच्या पोरांची असते. त्या वयात एक वर्षाचा फरक अंगात आणि ताकदीत लगेच दिसतो. म्हणजे संघ वर न्यायला सगळ्यात जास्त झटलेली 2004 ची पोरं ओटावात खेळूच शकली नाहीत. वर्षभर थांबून धाकटे गेले. ते हरले, आणि त्याचं ओझं 2006-2007 च्या पोरांच्या खांद्यावर आलं.

आपल्याकडे शाळेचा दहावीचा निकाल चांगला लागला की त्या नावाचा फायदा पुढच्या बॅचला होतो, आणि निकाल पडला तर शिक्षकांची बोलणीही पुढचीच बॅच खाते. तसंच हे. मुलांना हे लगेच कळतं, सांगून बघा.

हा नियम पुरता समजायचा असेल तर जर्मनीचा प्रवास बघा. 2014 च्या स्पर्धेत पुढे मोठा स्टार झालेला लिऑन ड्रायझाइटल त्यांच्याकडे होता आणि जर्मनी कसाबसा वर टिकला. पुढच्या वर्षी तो वयात बसत होता, पण एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये एडमंटनच्या संघात गेला होता. जर्मनी 2015 मध्ये खाली गेला आणि पुढच्या चार स्पर्धा खालीच राहिला. या चार स्पर्धांमधल्या जर्मन पोरांचा गुन्हा काय? काहीच नाही. वाटोळं झालं ते असं, की सतरा-अठरा वर्षांच्या ज्या मुलाने कॅनडा, स्वीडन, अमेरिकेच्या पोरांसमोर उभं राहायला हवं, तो त्या वयात त्यांना टीव्हीवर बघत राहिला. 1996, 1997 ला जन्मलेल्या जर्मन खेळाडूंची ही संधी गेली ती गेलीच.

डिसेंबर 2018 मध्ये जर्मनीने पुन्हा बढती मिळवली. त्या संघातल्या 1999 च्या मुलांना वर खेळायला मिळालं नाही. पण 2020 ला चेकियात जर्मनीचा संघ उतरला तेव्हा त्यात पुढे एनएचएलमध्ये नाव काढलेले मोरिट्झ सायडर आणि टिम श्टुट्झले होते. गटात कॅनडा, अमेरिका, रशिया आणि यजमान. यजमान चेकियाला 4-3 हरवूनही ते गटात शेवटचे आले आणि त्यांना कझाकस्तानशी टिकाव-लढत खेळावी लागली. ती जिंकले आणि वर राहिले. पुढच्या वर्षी एडमंटनच्या रिकाम्या स्टेडियममध्ये कोविडमुळे बरेच खेळाडू खोलीत बंद, गोलरक्षक सोडून उरलेल्या चौदा खेळाडूंनिशी कॅनडासमोर उतरले आणि 16-2 ने हरले. आपण टीव्ही बंद करून झोपलो असतो असा स्कोअर. त्याच संघाने नंतर स्लोव्हाकिया आणि स्वित्झर्लंडला हरवून पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि तिथे रशियाकडून फक्त 2-1 ने हरला. श्टुट्झले स्पर्धेतला सर्वोत्तम आघाडीपटू ठरला. 1999 च्या त्या पोरांनी डिसेंबर 2018 मध्ये काय कमावून दिलं होतं, ते मला त्या सामन्यांत दिसलं.

म्हणून "मुलांना शिक्षा कशाला" याला माझं उत्तर असं: शिडीच नसती तर वरचे दहा देश कायमचे ठरलेले राहिले असते. खालच्यांना वर जायला दारच उरलं नसतं. दाराचा अर्थ काय हे लाटव्हियाकडे बघून कळतं. 2022 ची स्पर्धा कोविडमुळे डिसेंबरात थांबवावी लागली आणि ऑगस्टमध्ये पुन्हा भरवली गेली. रशियाला वगळल्यामुळे लाटव्हियाला जागा मिळाली. लोक म्हणाले, भरतीचा संघ. त्यांनी चेकियाला 5-2 हरवून पहिल्यांदा उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्यानंतर ते वरच राहिले, आणि 27 डिसेंबर 2024 ला ओटावात कॅनडाला कॅनडाच्याच प्रेक्षकांसमोर शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेक खेळाडू गोलीसमोर येतो त्यात, 3-2 हरवलं. गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्सने 55 फटके अडवले. आपल्याकडे सकाळ होती, चहा गार झाला तरी मी उठलो नाही. मुलाला या सामन्यात पक (खेळातली रबरी चकती) कुठे जातो ते बघू देऊ नका, फेल्डबर्ग्सचे पाय बघायला सांगा. पक फिरायच्या आधी तो सरकलेला असतो, झेप घ्यायची वेळच येऊ देत नाही. इनलाइनला गोली असणाऱ्या मुलांनी हे शिकण्यासारखं आहे.

आता न पटणारी गोष्ट. 2023 पर्यंत टिकाव-लढत तीन सामन्यांची असायची, दोन जिंकेल तो राहील. 2023 ला लाटव्हियाने ऑस्ट्रियाला असंच खाली पाठवलं. आता एकच सामना. 2024 ला जर्मनी राहिला, नॉर्वे गेला. 2025 ला जर्मनी राहिला, कझाकस्तान गेला. दोन्ही गेलेले देश आदल्याच वर्षी वर आलेले. एका पिढीच्या पोरांचं पुढचं वर्ष जादा वेळेतल्या एका गोलवर ठरवणं मला क्रूर वाटतं. सुवर्णपदक एका सामन्यात ठरतं ते ठीक आहे, कारण रौप्यपदक मिळालेल्याला पुढच्या वर्षी परत यायचं असतंच. खाली जाणाऱ्याला तसं नसतं. शिवाय वर आलेल्या देशाला किमान दोन वर्षं राहू द्यावं, असंही मला वाटतं. ऑस्ट्रियाचं उदाहरण बोलकं आहे. 2021 ला ते चार सामन्यांत 29 गोल खाऊन एकच गोल करू शकले. पण कोविडमुळे त्या वर्षी कोणालाच खाली पाठवलं नाही, म्हणून त्यांच्या मुलांना आणखी दोन स्पर्धा वर खेळायला मिळाल्या. शेवटी गेलेच, पण तेवढ्या काळात खेळलेले सामने कोणी परत घेऊ शकत नाही.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की दुबळ्या संघावर दहा-बारा गोल का चढवतात, त्याने फायदा होतो का. बहुतेक वेळा नाही. ठरावीक वेळेत जिंकलं तर तीन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकलं तर दोन, तसं हरलं तर एक. गुण सारखे झाले तर आधी त्या-त्या संघांमधला आपसातला निकाल बघतात, मग त्यांच्यातलाच गोलफरक. तळाच्या संघावर केलेले गोल तिथे मोजलेच जात नाहीत.

याचा सगळ्यात मोठा दाखला 1993 चा. तेव्हा आठ देश होते, बाद फेरी नव्हती, सरळ साखळी. स्वीडनने जपानला 20-1 हरवलं. त्या एका सामन्यात स्वीडनच्या पीटर फोर्सबर्गच्या खात्यात 10 गुण (खेळाडूचे गुण म्हणजे त्याचे गोल आणि गोलला दिलेले पास), आणि सात सामन्यांत मिळून 31, जो विक्रम अजून टिकून आहे. एवढं करून सुवर्ण कोणाला? कॅनडाला. दोघांचे सहा विजय, एक पराभव, पण आपसातला सामना कॅनडाने 5-4 जिंकला होता. जपान त्या वर्षी खाली गेला आणि सर्वोच्च श्रेणीत आजवर परतलेला नाही.

आपल्या क्लबांच्या स्पर्धेत मी गुणलेखक म्हणून बसतो, तिथेही हेच होतं. एकदा तीन संघांचे गुण सारखे झाले. एका संघाचे पालक जाळीपाशी उभे राहून बोटांवर गोल मोजत होते, कारण त्यांच्या मुलांनी सगळ्यात लहान संघावर नऊ गोल केले होते. मी वहीत फक्त त्या तिघांचे आपसातले तीन सामने वेगळ्या रकान्यात लिहिले आणि वही त्यांच्याकडे फिरवली. तो संघ तिसरा होता. त्या लहान संघाचा गोली, जेमतेम दहा वर्षांचा असेल, हेल्मेट हातात घेऊन तिथेच उभा होता. वादावादी थांबल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे माझे नऊ गोल धरले नाहीत?" नाही रे बाळा, धरले नाहीत. तेव्हापासून मी आमच्या प्रशिक्षकांना सांगतो, सहा गोल झाले की धाकट्यांना उतरवा. त्यांना हवे असलेले सामने मिळतील.

एक लहानसा खुलासा. ऑगस्टमध्ये होणारी 18 वर्षांखालची ह्लिंका-ग्रेट्झकी स्पर्धा ही या शिडीचा भाग नाही, तिथे चढउतार नसतो. कॅनडाचे 18 वर्षांखालचे खरे सर्वोत्तम खेळाडू मात्र तिथेच दिसतात, कारण एप्रिलमध्ये त्यांच्या ज्युनियर लीगच्या बाद फेऱ्या चालू असतात. निकालांची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

आणि भारत? या शिडीच्या पायरीवर आपण अजून नाही. महासंघाचे सदस्य आपण 1989 पासून आहोत, पण खेळतो ते आशियाई पातळीवर. आपल्या महिलांच्या संघाने 2017 मध्ये बँकॉकला फिलिपाइन्सला 4-3 हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला आणि 2025 च्या आशिया चषकात कांस्यपदक जिंकलं. त्यातल्या बहुतेक मुली लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या. नैसर्गिक बर्फ थोडेच आठवडे टिकतो. लेहमध्ये आता कृत्रिम बर्फाचं रिंक आहे. डेहराडूनला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलेलं रिंक बरीच वर्षं बंद राहिलं, ते 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. शिडी चढायला दरवर्षी नवी एकोणीस वर्षांची फळी उभी करावी लागते. तेवढी फळी वर्षभराच्या बर्फाशिवाय तयार होत नाही, मुलं कितीही जिद्दीची असोत.

तुमच्या मुलासाठी एवढंच सांगेन. इनलाइनवर पकड, पास आणि डोकं वर ठेवून खेळणं हे सगळं पुण्यात शिकता येतं, आणि चांगलं शिकता येतं. आइस स्केटिंगमध्ये महाराष्ट्राच्या मुलांनी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांत पदकं आणली ती चाकांवरच्या पायाभरणीवर. बर्फावर गेल्यावर एकच गोष्ट पूर्ण नव्याने शिकावी लागते, ती म्हणजे थांबणं. दोन्ही पाती आडवी करून, गुडघे वाकवून, बर्फ खरवडत थांबायचं. चाकांवर हे जमत नाही, म्हणून पहिले दोन दिवस प्रत्येक जण कठड्यावर आदळतो. सुट्टीत डेहराडूनला जायचं ठरवलंत तर आधी फोन करून रिंकची वेळ विचारा, आणि पायमोजे पातळ न्या. जाड मोज्यांनी बूट सैल पडतो आणि घोटा दुखतो.