बांधावरच्या मोहाच्या झाडावर शेणाच्या गोळ्यासारखे घर केलेल्या बारीक मुंग्या कोणत्या, आणि ते घर पाडावे का?

तुमच्या वर्णनावरून त्या क्रिमॅटोगॅस्टर वंशातल्या पॅगोडा मुंग्या असाव्यात. आमचे शेत गडचिरोली जिल्ह्यात जंगलाला लागून आहे. फाल्गुनात साग आणि ऐन उघडे पडले की अशी घरे लांबूनही दिसतात, आणि नवख्या माणसाला खरोखरच वाटते की कोणी गोवरी फांदीला थापून ठेवली आहे.

त्यात शेण मात्र नसते. झाडाची साल व तंतू चावून, त्यात लाळ मिसळून मुंग्या जाड कागदासारखा लगदा करतात आणि त्याचे पापुद्रे एकावर एक असे रचतात की, कवेलूच्या छपरावरून ओघळावे तसे पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर निघून जाते. आत असंख्य लहान कप्पे असतात.

खात्री करायची असेल तर फांदीवर काडीने हलकेच टकटक करून पाहा. तीन-चार मिलिमीटरच्या त्या मुंग्या भराभर बाहेर येतात आणि पत्त्यांतल्या बदामासारखे टोकदार पोट विंचवाच्या नांगीसारखे डोक्यावर उभारतात. बारीक कंबर पोटाच्या वरच्या बाजूला जोडलेली असल्यामुळेच त्यांना हे जमते. त्या टोकावर कधी पांढरट फेसाचा थेंबही दिसतो. हे विष त्या टोचत नाहीत, शत्रूच्या अंगाला फासतात. चावतात मात्र कडकडून, हे मी चिंचेवर चढताना अनुभवले आहे.

मावा आणि खवले किडी पाळून त्यांचा गोड स्राव या मुंग्या पितात, त्यामुळे फळझाडाला थोडा उपद्रव होऊ शकतो. मोहाची फुले तर आपण खालूनच वेचतो, मग त्या घराची अडचण कशाची? शिवाय तांबूस सुतार पक्षी, जो याच मुंग्या खातो, तो पावसाळ्याआधी नांदत्या घरातच बीळ कोरून अंडी घालतो, आणि मुंग्या त्याच्या पिल्लांच्या वाटेला सहसा जात नाहीत. तेव्हा पाडण्याआधी गोळ्याच्या बाजूला गोल भोक आहे का, एवढे तरी पाहा. असले, तर यंदा हात लावू नका.